लहानपणी सोसलेल्यांच्या खऱ्या कहाण्या वाचताना: वाचनालयात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं वाचनालय लहानसं, सोलापूरच्या पूर्व भागात. मेंबर म्हणाल तर विडी वळणाऱ्या बायका, त्यांच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरी, चादरीच्या कारखान्यात कामाला असलेले एकदोन जण आणि रिटायर झालेले गुरुजी लोक. आत्मचरित्रांच्या कपाटात खालचा एक खण आहे, तिथं लहानपणी घरात मार, उपासमार, लैंगिक अत्याचार सोसून मोठं झालेल्या माणसांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं ठेवलीत, काही मराठी, बरीच अनुवादित. या खणाबद्दल काउंटरवर इतके प्रश्न येतात, आणि बरेचदा इतक्या हळू आवाजात येतात की शेवटी सगळं एकदा लिहूनच काढलं. मी डॉक्टर नाही, वकील नाही, पुस्तकं देते-घेते आणि स्वतः वाचते, तेवढ्या अधिकारानं लिहिलंय.

एवढं वाईट वाचायचंच कशाला? आयुष्यात कमी ताप आहेत का?

वाचलंच पाहिजे असं कोण म्हणतंय. विनोदी कपाट दाराजवळच आहे, तिकडं खुशाल जा.

पण जे वाचतात ते का वाचतात हे मी बघते ना. काहींना नुसती उत्सुकता असते. काहींच्या घरी, नात्यात असं काही झालेलं असतं आणि त्यावर आजवर घरात कुणी एक अक्षर बोललेलं नसतं, मग छापलेल्या पानावर तेच दिसलं की माणसाला पहिल्यांदा वाटतं, अरे हे फक्त आमच्याच घरात नव्हतं. आणि तिसरे म्हणजे शिक्षक, अंगणवाडीताई, नर्स, ज्यांचा रोज पोरांशी संबंध येतो. माझं विचाराल तर या तिसऱ्या लोकांनी ही पुस्तकं सगळ्यात जास्त वाचायला पाहिजेत आणि तेच सगळ्यात कमी वाचतात.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. मारहाणीची पानं भराभर वाचली तरी चालतील, पण पुस्तकात आजूबाजूची मोठी माणसं येतात ना, शेजारीण, मामा, बाई, डॉक्टर, पोस्टमन, तिथं थांबून वाचा. कुणाला दिसत होतं, कुणी बघून न बघितल्यासारखं केलं, कुणी एकदा विचारलं. आपण वाचणारे त्या पोराच्या जागी नसतो हो, आपण या लोकांच्या जागी असतो.

माझ्याच्यानं पन्नास पानांपुढं जाववलं नाही. माझं मन कच्चं आहे का?

नाही. पुस्तक परत आणा, दुसरं न्या, कुणी विचारणार नाही.

आणि वाचायचंच असेल तर थोडी पद्धत लावून वाचा, सलग बसून एका रात्रीत संपवायचा हट्ट नको. रात्री झोपायच्या आधी तर अजिबात नको, दुपारी वाचा, घरात कुणीतरी असताना वाचा. मधली पानं सोडून शेवट आधी वाचला तरी काही पाप लागत नाही, ही काय रहस्यकथा नाही, माणूस वाचला हे आपल्याला आधीच माहितीये म्हणून तर पुस्तक हातात आहे. काही जण एक प्रकरण झालं की उठून भांडी घासतात, कुणी कंबर तलावाला चक्कर मारून येतं. हाताला काम आणि पायाला चाल, एवढं साधं असतं पण उपयोग होतो.

कधी थांबायचं ते मात्र ओळखा. वाचताना छातीत धडधडतंय, हातपाय गार पडलेत, आपण खोलीत आहोत हेच विसरायला झालंय, किंवा पुस्तक मिटलं तरी दोनतीन दिवस तेच तेच डोळ्यापुढं येतंय, झोप उडालीये, लेकरावर विनाकारण ओरडायला होतंय, तर बस झालं. पुस्तक घरात पण ठेवू नका, आणून द्या.

आणि उलटं पण होतं बरं का. काही जणांना काहीच वाटत नाही, एकदम बधिर. मग त्यांनाच भीती वाटते की आपण दगड आहोत का. तसं नसतं, बधिर होणं ही पण अंगाची एक तऱ्हा आहे स्वतःला सांभाळायची, आणि गंमत म्हणजे या पुस्तकांतली बहुतेक मुलं तीच तऱ्हा वापरून जगलेली दिसतात, मार खाताना मी छताकडं बघत मनात पाढे म्हणायचो, असलं काहीतरी पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं.

वाचता वाचता मलाच माझं काहीतरी आठवायला लागलं. आता काय करू?

हा प्रश्न कुणी काउंटरवर उभं राहून विचारत नाही, बाकीचे लोक गेल्यावर विचारतात.

पहिलं म्हणजे पुस्तक बाजूला ठेवा. आठवलंय ते आजच्या आजच पूर्ण उलगडलं पाहिजे अशी काही सक्ती नाही. अशा आठवणी गोष्टीसारख्या सुरुवात-मध्य-शेवट घेऊन येत नाहीत, कधी नुसता वास येतो, कधी एखाद्या खोलीचा कोपरा, कधी पावलांचा आवाज आणि पोटात गोळा, पुढचं मागचं काही नाही. तारीख आठवत नाही म्हणून खोटं, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. आणि जे धूसर आहे ते ओढूनताणून पूर्ण करायच्या पण मागं लागू नका, पुस्तकातल्या बाईचं जसं झालं तसंच माझं झालं असणार असं जुळवत बसू नका. तुमचं तुमच्यापाशी, जेवढं आहे तेवढं.

दुसरं, बोलायला माणूस शोधा. टेली मानस म्हणून सरकारची फोन सेवा आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, पैसे लागत नाहीत, रात्री पण लागतो आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची घाई नसेल तर पहिल्यांदा तिथंच बोलून बघा. समोरासमोर बोलायचं असेल तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, खासगी डॉक्टर पण आहेत गावात. लोक म्हणतात मेंटलच्या डॉक्टरकडं कशाला, कुणी बघितलं तर. अहो, ओपीडीत ज्यानं बघितलं तो पण तिथं आलेलाच असतो की.

आणि जीव नकोसा झालाय, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय असं असेल तर वाट बघायची नाही, लगेच कुणाला तरी जवळ बोलवा आणि १४४१६ नाहीतर ११२ ला फोन लावा.

पुस्तक म्हणजे उपचार नव्हे, एवढं मी माझ्याच धंद्याच्या विरुद्ध बोलते. पुस्तक दार दाखवतं, पुढं आत जाताना सोबत माणूस लागतो.

हे सगळं खरं असतं का? एवढं कुणी आई-बाप करतील?

दोन प्रश्न आहेत, वेगवेगळे घेऊ.

करतात का, तर हो, करतात. पोलिसांकडं, कोर्टात, दवाखान्यात याच्या नोंदी आहेत.

आता छापलेलं प्रत्येक पुस्तक शब्द न् शब्द खरं असतं का, तर तसं काही नाही. इंग्लंड-अमेरिकेत १९९५ नंतर अशा पुस्तकांची लाटच आली होती. डेव्ह पेल्झर या अमेरिकन माणसानं आईनं केलेल्या छळाची हकिगत १९९५ मध्ये छापली ती प्रचंड खपली, मग इंग्लंडातल्या मोठ्या दुकानांनी दुःखी आयुष्यांच्या गोष्टी अशी पाटी लावून वेगळी कपाटंच केली. जिथं खप तिथं भेसळ आलीच. मिशा डेफॉन्सेका नावाच्या बाईनं १९९७ मध्ये लिहिलं की ज्यू मुलगी म्हणून ती महायुद्धात युरोपभर पायी हिंडली आणि लांडग्यांनी तिला सांभाळलं, आणि २००८ मध्ये तिनंच कबूल केलं की हे घडलं नव्हतं. ती ज्यू पण नव्हती. पण तिच्या आई-वडिलांना नाझींनी खरंच पकडून नेलं होतं आणि ती नातेवाइकांकडं वाढली हे मात्र खरं निघालं. म्हणजे खोट्याच्या खाली खरं दुःख होतंच, फक्त तेवढं विकलं जाणार नाही असं तिला वाटलं असावं.

पेल्झरबद्दल पण वाद झाला. एक भाऊ म्हणाला असं काही झालंच नाही, दुसऱ्या भावानं २००५ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहून सांगितलं की झालं होतं, आणि डेव्ह घरातून गेल्यावर पुढची पाळी माझी आली. एकाच घरात, एकाच छताखाली वाढलेली भावंडं. यावरून लगेच कोण खोटं ते ठरवायला मी जाणार नाही. भावंडांच्या आठवणी वेगळ्या असतात, शिवाय छळ करणारी माणसं बरेचदा एकाच पोराला धरतात आणि बाकीच्यांना लाडात ठेवतात.

मी स्वतः काय बघते सांगू? लेखक प्रत्येक प्रसंगात हिरो असेल, तिसऱ्या वर्षी ऐकलेले संवाद जसेच्या तसे पानभर आठवत असतील, आजूबाजूचा एक पण माणूस बरा नसेल, तर मी जरा सावध होते. आणि जिथं लेखक म्हणतो मला इथलं नीट आठवत नाही, किंवा मारणाऱ्या बापाचं एखादं प्रेमाचं वागणं पण लिहितो आणि ते लिहिताना त्याचाच गोंधळ उडालेला दिसतो, तिथं माझा विश्वास बसतो. पण ही शंका पुस्तकांपुरती ठेवा. समोर बसून एखादी पोरगी सांगत असेल तेव्हा असली परीक्षा घ्यायची नाही.

हे परदेशातलं आहे हो, आपल्याकडं एकत्र कुटुंब, आपल्यात असलं होत नाही.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं, आणि नंतर येत नाही.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये अभ्यास छापला, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि दर तीन मुलांमागं दोघांना मारहाण झालेली. अत्याचार करणारे निम्मे तर ओळखीतले, विश्वासातले. परका माणूस चॉकलेट देऊन पळवतो हेच आपण पोरांना सांगत बसतो, आणि घरातल्या घरात, लग्नाला आलेल्या, सुट्टीला आलेल्या, ट्यूशन घेणाऱ्या माणसाबद्दल काही सांगत नाही.

एकत्र कुटुंबाचं म्हणाल तर तिथं डोळे जास्त असतात हे खरं, पण तोंडं दाबणारे हात पण जास्त असतात.

मराठीत अशी पुस्तकं आहेत का?

आहेत, फक्त त्या पाटीखाली ठेवलेली नसतात. आणि याबाबतीत आपला सोलापूर जिल्हा मागं नाही. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, त्यांचं 'अक्करमाशी' १९८४ चं. लहानपणीची भूक, गावानं बापाचं नाव न दिलेलं पोर, हे सगळं तिथं आहे. सांगोल्याकडच्या महूदच्या शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ मध्ये पुस्तक झालं. आणि करमाळ्याकडचे किशोर काळे, नाचणाऱ्या बाईचं पोर म्हणून वाढून डॉक्टर झाले, त्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ चं, ते तर कुठल्याही परदेशी पुस्तकाच्या शेजारी ठेवा.

फरक एक आहे. परदेशी पुस्तकात बरेचदा बंद दारामागं एक क्रूर आई किंवा बाप असतो आणि बाहेरचं जग ठीकठाक असतं. आपल्याकडच्या या पुस्तकांत छळ करणारं दार उघडंच असतं, जात, गरिबी, गावकी, सगळे मिळून करतात आणि कुणाला लाज वाटत नाही. म्हणून मी दोन्ही वाचायला सांगते. पण घरातल्या लैंगिक अत्याचारावर स्वतःच्या नावानं लिहिलेलं मराठीत अजून फार थोडं आहे, हे पण खरं. का ते वेगळं सांगायला नको.

आमच्या वडिलांनी पण पट्ट्यानं मारलं, म्हणून तर शिकलो. हे लोक उगीच आई-बापाची बदनामी करतात.

बऱ्याच काकांचं हे मत आहे आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त विचारते की तुम्ही शिकलात ते पट्ट्यामुळं का पट्टा असूनसुद्धा? त्यावर चहा येतो आणि विषय बदलतो.

शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. घरात किंवा सांभाळणाऱ्यानं मुलाला क्रूरपणे वागवलं तर २०१५ च्या बालन्याय कायद्यात शिक्षा आहे. तरी कायदा सोडा, पुस्तकात काय वेगळं असतं ते बघा. चूक केली म्हणून बसलेला फटका आणि चूक काय आहे तेच कळू न देता रोज चाललेला छळ, यातला फरक पोराला बरोबर कळतो.

बदनामीचं म्हणाल तर लिहिणाऱ्यांनी बहुतेक वेळा तीस-तीस चाळीस-चाळीस वर्षं थांबून, आई-बाप गेल्यावर लिहिलेलं असतं. एवढी लाज आजवर त्यांनीच सांभाळली की.

पण इतक्या वर्षांनी उकरून काढायचं कशाला? विसरून जावं माणसानं.

मनानं ठरवलं तरी अंग विसरत नाही, असं दिसतंय. अमेरिकेत सॅन डिएगोला फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १७,००० पेक्षा जास्त मोठ्या माणसांना लहानपणाबद्दल विचारलं आणि त्यांची आताची तब्येत बघितली, १९९८ मध्ये त्यातल्या पहिल्या साडेनऊ हजार जणांचं छापून आलं. लहानपणी जितक्या जास्त प्रकारचा त्रास, तितकी मोठेपणी दारू, नैराश्य, हृदयरोग यांची शक्यता जास्त, असं त्यात निघालं. शक्यता म्हणतेय मी, नशिबाचा शिक्का नाही, हे लक्षात ठेवा, कारण हे ऐकून घाबरणारे पण मेंबर आहेत. याच खणातली पुस्तकं तर न बुडालेल्या माणसांची आहेत.

काही लोक हे मजा म्हणून वाचतात असं नाही वाटत तुम्हाला?

वाटतं. गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआं बघायला जसे कठड्याला चिकटून उभे राहतात तसे काही वाचणारे असतात, अजून भयानक काही आहे का ताई, असं विचारतात. प्रकाशकांना पण हे ठाऊक आहे, म्हणून तर सगळ्या कव्हरवर तेच ते रडकं पोर आणि अंधारी खोली. एक नियम मी पाळते, लागोपाठ तिसरं असलं पुस्तक मागितलं की मध्ये दुसरं काहीतरी हातात देते. रागावतात, पण नेतात.

आपलं आपल्याला तपासायचं असेल तर पुस्तक मिटल्यावर काय आठवतंय ते बघा. नुसते चटके, पट्टे, कोंडून ठेवलेली खोली आठवत असेल आणि त्या पोराला काय आवडायचं, ते कशावर हसायचं, मोठं होऊन काय काम करतं हे काहीच आठवत नसेल तर परत एकदा वाचा.

मुलग्यांच्या बाबतीत पण होतं का? माझा नवरा ती पुस्तकं हातात घेत नाही.

होतं. वर सांगितलेल्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त, ५२.९४ टक्के, मुलगेच होते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध जो पोक्सो कायदा आहे, त्यात पण मुलगा-मुलगी भेद नाही, १८ च्या आतलं कुणीही. नवरा हातात घेत नसेल तर घेऊ नये, जबरदस्ती करू नका, आणि का घेत नाही याचा अंदाज पण बांधू नका. पुस्तक टेबलावर असू द्या फार तर.

पोरांना कितव्या वर्षी द्यावं?

वयाचा आकडा मी सांगत नाही. दहावीच्या आतल्याला आम्ही पालकांना विचारल्याशिवाय या खणातलं देत नाही. लहान मुलांना असल्या कहाण्या वाचायची गरज नसते, त्यांना एवढंच पाहिजे की शरीराच्या अवयवांना नाव असतं, कुणी नको तिथं हात लावला तर नाही म्हणायचं, आणि सांगितल्यावर आई ओरडणार नाही. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण ते आईनं करायचंय.

वाचल्यापासून शेजारच्या एका पोराबद्दल शंका यायला लागलीये. मी उगीच काहीतरी बघतेय का?

असू शकतं, पण म्हणून गप्प बसू नका.

१०९८ हा मुलांसाठीचा नंबर, फुकट, २४ तास. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, आधी संस्था चालवायच्या, आता सरकारच्या महिला व बालविकास विभागाकडं आहे. शेजारी पण करू शकतात, पोरानंच केला पाहिजे असं नाही. पुरावा गोळा करायचं काम तुमचं नाही. पोराला उलटसुलट प्रश्न विचारून पोलिसगिरी तर मुळीच करू नका, नुसतं, काय झालं, असं विचारा आणि ऐका.

लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तर मग ही नुसती माणुसकी राहत नाही, कायदा आहे. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, त्यात ज्याला कळलं त्यानं पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, माहीत असून लपवलं तर शिक्षा होऊ शकते. आणि चांगल्या हेतूनं कळवलेलं नंतर तसं निघालं नाही तरी कळवणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही, हे लोकांना माहीतच नसतं. पोराचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो बाई अधिकाऱ्यानं घ्यायचा, युनिफॉर्म न घालता. पोराचं नाव, फोटो, शाळा कुठंही छापता येत नाही, व्हॉट्सॲपवर फिरवणारे काका-मामा यांनी पण हे वाचून घ्यावं.

वर पेल्झरचं नाव आलं ना, त्याचं कसं सुटलं माहितीये? १९७३ च्या मार्चमध्ये शाळेतल्या लोकांनी पोलिसांना बोलावलं. अंगावरच्या खुणा, कपडे, भूक हे वर्षानुवर्षं सगळ्यांना दिसत होतं, एके दिवशी शाळेत कुणीतरी फोन उचलला एवढंच. मी म्हणते तिथं थांबून वाचा ते यासाठी.

मैत्रिणीनं तिचं सगळं मला सांगितलं. मी काय बोलायला पाहिजे होतं?

फार नाही. सांगितलंस ते बरं केलंस, माझा विश्वास आहे, तुझी चूक नव्हती. एवढं बस्स. तू ओरडली का नाहीस, आईला का नाही सांगितलंस, असले का-वाले प्रश्न नकोत. मी असते तर कानफटात दिली असती, हे पण नको, तुमची शूरता ऐकायला ती आलेली नसते. आणि तिनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याला सुद्धा सांगायचं नाही. ती अजून १८ च्या आत असेल तर मात्र वरचं पोक्सोचं लागू होतं, तेव्हा गुपित ठेवायचं वचन देऊ नका, आपण मिळून सांगू असं म्हणा.

आमच्या भिशीच्या ग्रुपमध्ये असं पुस्तक घेऊन चर्चा करावी का?

करा, पण आधीच्या आठवड्यात सांगून ठेवा की विषय काय आहे, म्हणजे जिला नको ती त्या दिवशी येणार नाही, आणि का आली नाहीस असं नंतर कुणी विचारायचं नाही. मोठ्यानं वाचायला मारहाणीचं पान निवडू नका. तुझ्या घरी असं झालं होतं का, असा गोल फिरवून प्रश्न तर नकोच नको. दहा बायकांत एखादी तरी गप्प बसलेली असते.

लहानपणी झालेल्याची आता तक्रार करता येते का?

येऊ शकते, वेळ गेली असं गृहीत धरू नका, गंभीर गुन्ह्यांना मुदत नसते. पण पोक्सो नोव्हेंबर २०१२ नंतर घडलेल्याला लागतो, आधीच्याला त्या वेळचा जुना भारतीय दंड विधान कायदा, त्यामुळं वकिलाशी बोलावं लागतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं, बायकांना आणि मुलांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तक्रार करायची का नाही हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. तक्रार न करता नुसतं लिहिलेली किंवा नुसतं घर सोडून गेलेली माणसं या खणात भरपूर आहेत, ती काही कमी धीराची नाहीत.

मला माझं लिहायचंय. कुठून सुरुवात करू?

साध्या वहीतून. मोबाइल घरात चार जणांच्या हातात असतो म्हणून वही बरी, ती कुठं ठेवायची ते आधी ठरवा. पहिल्यांदा सगळ्यात वाईट प्रसंगच लिहिला पाहिजे असं नाही, ज्या घरात राहत होता ते घर लिहा, न्हाणीघर कुठं होतं, माग कुठं होता, विडीचं सूप घेऊन आई कुठं बसायची. अंगणातून आत जायचं तेव्हा जा, नाहीतर अंगणातच बसा.

छापायचं आत्ताच ठरवू नका. छापायची वेळ आलीच तर जिवंत माणसांची नावं, भावंडांची नावं, यावर वकिलाला विचारा, आणि ज्या बहिणीवर पण तेच ओढवलं होतं तिला विचारल्याशिवाय तिचं लिहू नका, ते तिचं आहे. कन्नडमध्ये, तेलुगूमध्ये सुचत असेल तर त्यातच लिहा, आपल्याकडं अर्ध्या घरांत आईची भाषा मराठी नाहीच. मार ज्या भाषेत खाल्ला त्याच भाषेत आठवतो.

या खणातल्या पुस्तकांना वेगळे नियम आहेत का?

थोडे आहेत. उशीर झाला तर दंड नाही. खाकी कव्हर घालून पाहिजे असेल तर मागा, घालून देते. रजिस्टरमध्ये पुस्तकाचं नाव न लिहिता नुसता नंबर लिहिते, म्हणजे पुढच्याला कोण काय वाचतंय ते दिसत नाही. पानांवर पेननं रेघा मारू नका, पण मध्ये चिठ्ठी राहिली तर राहू द्या, अशा चिठ्ठ्या मी वाचत नाही आणि फेकत पण नाही, ड्रॉवरमध्ये आहेत, ज्याची असेल त्यानं येऊन घेऊन जावी. दुपारी दोन ते चार गर्दी नसते.